कुळथाचं पाणी आणि मुंबईचं रक्त

लोणावळ्याच्या बाजारपेठेत उभं राहून साखरेची थोरवी कुणाला पटवून द्यावी लागत नाही. चिक्कीच्या एका वडीत तसं पाहिलं तर सगळं जीवशास्त्र भरलेलं आहे. दाण्यात प्रथिनं आहेत, तेल आहे, थोडा स्टार्च आहे आणि दाण्याच्या पेशींत डीएनए आहे. गुळातल्या साखरेचा रेणू मात्र चिमुकला, दोन साखरा जोडून झालेला. शाळेच्या पुस्तकात या मंडळींना चार चौकोनांत बसवून टाकलेलं असतं: कर्बोदकं ऊर्जा देतात, प्रथिनं शरीर बांधतात, मेद साठवणीला असतो आणि न्यूक्लिइक आम्लं वारसा चालवतात. पोरं हे पाठ करतात, मार्क मिळवतात आणि विसरतात. विसरण्यासारखंच आहे ते, कारण या चौकोनांत गोष्ट अशी काही नाही.

गोष्ट घडली ती आपल्याच रेल्वेमार्गाच्या दोन टोकांना. लोणावळा स्टेशनपासून पुणे ६४ किलोमीटर आणि मुंबईचं सीएसएमटी १२८. १९५१-५२ च्या सुमारास पुण्यात एका लष्करी डॉक्टरला एक शोध लागला आणि मुंबईत परळच्या डॉक्टरांना दुसरा. दोघांचा एकमेकांशी संबंध आहे असं तेव्हा कुणाला वाटण्याचं कारण नव्हतं. एकाच्या समोर कुळथाचं पाणी होतं, दुसऱ्यांच्या समोर रक्त मिळत नसलेले रुग्ण.

आधी रक्तगटांची थोडी उजळणी. १९०१ मध्ये व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनरने सहकाऱ्यांच्या लाल पेशी आणि रक्तद्रव एकमेकांत मिसळून पाहिले. काही जोड्या गुण्यागोविंदाने मिसळल्या, काहींत पेशी एकमेकींना चिकटून त्यांचे गोळे झाले. त्यातून A, B आणि O हे गट निघाले, पुढच्या वर्षी AB सापडला. नियम सरळ होता: आपल्या पेशींवर जी खूण नाही तिच्याविरुद्धची प्रतिपिंडं आपल्या रक्तद्रवात तयारच असतात. O गटाच्या पेशींवर A नाही आणि B ही नाही, म्हणून त्या कुणालाही चालतात. त्या काळी O म्हणजे शून्य, कोरी पाटी असंच बहुतेकांनी धरलं होतं. ही खूण नेमकी कशाची बनलेली आहे, हे मात्र पुढची पन्नास वर्षं कुणी ठामपणे सांगू शकलं नाही.

आता पुणे. आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात रक्तसंक्रमणाचं काम पाहणारे जी. डब्ल्यू. जी. बर्ड वेगवेगळ्या बियांचे अर्क मानवी रक्तावर टाकून पाहत होते. अशा प्रयोगांना परदेशात नुकतीच सुरुवात झाली होती. काही शेंगवर्गीय बिया रक्तपेशींचे गोळे करतात, आणि तेही गट पाहून, हे अमेरिकेत आणि फिनलंडमध्ये दिसलेलं होतं. बर्ड यांच्या हाती लागला तो कुळीथ, घाटावर ज्याला आपण हुलगे म्हणतो तो. बी दळायचं, मिठाच्या पाण्यात भिजवायचं, चोथा टाकून वरचं पाणी घ्यायचं आणि त्याचा थेंब लाल पेशींवर सोडायचा. B गटाच्या पेशींना कुळथाच्या पाण्याने काहीच केलं नाही. O गटाच्याही तशाच राहिल्या. A गटाच्या पेशींचे मात्र गोळे झाले.

तेही सगळ्या A गटाच्या नव्हे. A मध्ये दोन पोटगट आहेत, A1 आणि A2. पाण्याचं प्रमाण नीट राखलं तर कुळीथ A1 ला पकडतो आणि A2 ला सोडून देतो. रक्तपेढीत ही निवड करायची तर त्याआधी फार उपद्व्याप करावे लागत. B गटाच्या माणसाचं रक्तद्रव घ्यायचं, त्यात A2 च्या पेशी पुन्हापुन्हा मिसळून नको असलेली प्रतिपिंडं शोषून काढायची आणि उरलेलं जपून वापरायचं. तेच काम आता मूठभर हुलग्यांनी होऊ लागलं. बर्ड यांनी पहिली नोंद १९५१ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये दिली आणि पुढच्या वर्षी पोटगटांबद्दलचा निबंध ‘नेचर’मध्ये छापून आला. जगभरच्या रक्तपेढ्यांत A1 ओळखण्याच्या कुपीवर आजही ‘डॉलिकॉस बायफ्लोरस’ असं छापलेलं असतं. ते आपल्या कुळथाचं जुनं शास्त्रीय नाव. पुण्याला स्वतःच्या कर्तृत्वाचा अभिमान कमी आहे असं कुणी म्हणणार नाही, तरी या कुपीबद्दल मी पुण्यात कुणाला बढाई मारताना ऐकलेलं नाही.

ज्या वनस्पतीला रक्तच नाही तिला माणसाचा रक्तगट कसा कळतो? अर्कात काम करणारा पदार्थ प्रथिन होता. ही प्रथिनं पुढे ‘लेक्टिन’ म्हणून ओळखली जाऊ लागली. कडधान्यांच्या बियांत अशी बरीच उचापती प्रथिनं असतात. त्याच दशकात मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये कमला सोहोनी कडधान्यांतली आणखी एक जात तपासत होत्या. ती आपल्या आतड्यातल्या ट्रिप्सिन या पाचक एन्झाइमाला अडवते. ओल्या उष्णतेने यांतली बहुतेक निकामी होतात. प्रथिनाची लांब साखळी विशिष्ट घडीत दुमडलेली असते आणि सगळी करामत त्या घडीत असते. उकळत्या पाण्यात घडी उलगडली की प्रथिन उरतं, करामत जाते. त्यामुळे पिठलं किंवा माडगं पिऊन A गटाच्या माणसाच्या रक्ताचे गोळे होत नाहीत.

बर्ड यांचं प्रथिन पेशीवर काहीतरी ओळखत होतं, एवढं कळलं. काय ओळखत होतं, ते कळायला दुसरं टोक लागलं.

मुंबईत परळला केईएम रुग्णालय आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज शेजारीशेजारी आहेत. या शोधाची हकिकत रक्तपेढ्यांत सांगतात ती अशी: एक रुग्ण रेल्वे अपघातात जखमी झालेला, दुसरा सुऱ्याने भोसकलेला. दोघांनाही रक्त हवं होतं. गट तपासला तर दोघेही O. अँटी-A टाकलं, गोळे नाहीत. अँटी-B टाकलं, गोळे नाहीत. उलट बाजूने तपासलं, म्हणजे त्यांचं रक्तद्रव A आणि B च्या पेशींवर टाकलं, तर दोन्हीकडे गोळे. O गटाचं वागणं अगदी असंच असतं. तिथवर कागदावर शंकेला जागा नव्हती.

मग क्रॉसमॅच. रक्त चढवण्याआधी दात्याच्या पेशी आणि रुग्णाचं रक्तद्रव एकत्र करून पाहायची ही शेवटची चाचणी. O दात्याच्या पेशी टाकल्या, गोळे झाले. दुसरा O दाता घेतला, तेच. तिसरा, चौथा, पुढचा, त्याच्या पुढचा. O गटाचं जे रक्त हाती येई ते या दोघांच्या रक्तद्रवात गोळा होई. सगळ्यांना चालणारं रक्त या दोघांना चालेना. शोध घेता घेता मुंबईतच एक दाता निघाला, ज्याच्या पेशी त्यांच्या रक्तद्रवात शांत राहिल्या. तोही वरवर O, तोही बाकीच्या सगळ्या O शी फटकून. तिसरा माणूस सापडला तेव्हा हा चाचणीतला घोटाळा नाही, हे स्पष्ट झालं.

मला या हकिकतीतलं क्रॉसमॅचचं काम फार मोलाचं वाटतं. कागदावर O लिहिलेलं असताना, रुग्ण रक्तासाठी थांबलेला असताना, ‘O ला O जुळणारच’ म्हणून बाटली लावून टाकण्याचा मोह किती झाला असता! तसं झालं असतं तर रुग्णाच्या शरीरातल्या प्रतिपिंडांनी चढवलेल्या पेशी रक्तवाहिनीतच फोडल्या असत्या. ही प्रतिपिंडं शरीराच्या तापमानाला जोमाने काम करतात. मूत्रपिंडं बंद पडतात, माणूस दगावतो, आणि कारण म्हणून ‘अपघातातल्या जखमा’ एवढंच लिहिलं गेलं असतं.

वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी हे प्रकरण लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या जाणकारांपुढे ठेवलं. तिथे रक्तगटांतला शेवटचा शब्द मानले जाणारे रॉबर्ट रेस आणि रूथ सँगर होते. त्याच संस्थेत वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स ही जोडीही होती, आणि रक्तगट रासायनिकदृष्ट्या आहे तरी काय, हाच त्यांचा ध्यास होता. सातही जणांच्या नावांनी १९५२ च्या मे महिन्यात ‘लॅन्सेट’मध्ये जेमतेम दोन पानांचा निबंध आला. O च्या पेशी कोऱ्या नसतात, त्यांच्यावर H नावाची एक खूण असते, ती A आणि B च्या पेशींवरही कमीअधिक असते, हे तोवर लक्षात आलेलं होतं. मुंबईच्या या तिघांच्या पेशींवर H सुद्धा नव्हता. आणि जे आपल्याकडे नाही त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं, या लँडस्टायनरच्या नियमाने त्यांचं रक्तद्रव जगातल्या जवळजवळ प्रत्येक माणसाच्या रक्ताला परकं मानत होतं. एका O पेशीवर H च्या खुणा दहा लाखांहून अधिक असतात. यांच्या पेशींवर एकही नाही.

पण H म्हणजे काय? मॉर्गन आणि वॉटकिन्स यांनी हा प्रश्न रक्ताऐवजी भलत्याच जागी जाऊन सोडवला. लाल पेशींतून हा पदार्थ इतका थोडा निघतो की त्याचं रसायनशास्त्र करणं कठीण. स्त्रियांच्या बीजांडकोशावर वाढणाऱ्या, शस्त्रक्रियेने काढून टाकलेल्या गाठींतल्या बुळबुळीत द्रवात मात्र तोच पदार्थ भरपूर मिळतो. त्याचं पृथक्करण केलं तर बहुतांश वजन साखरांचं, थोडं प्रथिनाचं. नेमकी ओळख असलेली गोष्ट प्रथिनाचीच असणार, असं तेव्हा सहज मानलं जाई. साखर म्हणजे इंधन, फार तर चिकटपणा. या दोघांनी युक्ती अशी केली की प्रतिपिंडाला पेशी दाखवण्याआधी सुटी साखर पाजायची. प्रतिपिंड जर तीच साखर ओळखत असेल तर त्याचे हात आधीच भरतील आणि पेशींचे गोळे होणार नाहीत. १९५२-५३ मध्ये त्यांनी ईल माशाच्या रक्तद्रवावर आणि वनस्पतींच्या बियांच्या अर्कांवर हे करून पाहिलं. H ओळखणारे पदार्थ फ्युकोज नावाच्या साखरेने गप्प झाले. A ओळखणाऱ्या बियांना गप्प करणारी साखर वेगळी निघाली, एन-ॲसिटिल-गॅलॅक्टोसामिन. B ची खूण साधं गॅलॅक्टोज ठरलं. कुळथातलं प्रथिन पुढे १९७० मध्ये शुद्ध करून तपासलं गेलं, तेव्हा त्याचीही पसंती एन-ॲसिटिल-गॅलॅक्टोसामिनलाच निघाली. घाटाच्या पुणेरी बाजूचं कोडं असं सुटलं.

इथे शाळेच्या पुस्तकातला पहिला चौकोन फुटतो. मावळातल्या इंद्रायणी तांदळाच्या दाण्यात स्टार्च असतो. ग्लुकोजला जोडून ग्लुकोज, त्याला जोडून पुन्हा ग्लुकोज, हजारो कड्या, काही ठिकाणी फांद्या. सगळ्या कड्या एकसारख्या, त्यामुळे त्यात साठवण आहे, मजकूर नाही. लाल पेशीवरच्या साखळीत मात्र वेगवेगळ्या साखरा ठरावीक क्रमाने जोडलेल्या असतात आणि टोकाची एक साखर बदलली की माणूस A चा B होतो. तेच कर्बोदक, पण इथे ते ओळखपत्र आहे.

साखळीच्या टोकाचं गॅलॅक्टोज ही भिंत धरली तर फ्युकोज ही तिच्यावरची खुंटी. खुंटी असेल तरच तिथे A किंवा B ची टोपी अडकवता येते. O गटाच्या माणसाकडे नुसती खुंटी असते. मुंबईच्या त्या तिघांकडे खुंटीच नव्हती, मग घरात टोप्या असल्या काय आणि नसल्या काय!

त्या टोप्या खरोखर घरात असू शकतात, हे १९५५ मध्ये अमेरिकेत फिलिप लेव्हाइन यांनी अभ्यासलेल्या एका कुटुंबाने दाखवून दिलं. आई तपासणीत O सारखी आणि मुलगी AB. नेहमीच्या हिशेबाने हे अशक्य. O गटाच्या आईला AB चं मूल होत नाही. पण ती आई O नव्हतीच. तिच्यात B चं जनुक होतं, तिने ते मुलीला दिलं, फक्त तिच्या स्वतःच्या पेशींवर ते दिसायला जागा नव्हती. रक्तगटावरून पितृत्व ठरवण्याचा खटाटोप कोर्टकचेऱ्यांत चालत असे, त्या काळातला हा दाखला आहे. खुंटी नसलेला बाप असा O ठरून गेला असता, तर एखाद्या निर्दोष बाईच्या संसाराचं काय झालं असतं, ते सांगायला नको.

खुंटी बसवतो कोण? एक प्रथिन, फ्युकोज उचलून गॅलॅक्टोजवर जोडणारं एन्झाइम. A आणि B च्या साखरा जोडणारीही एन्झाइमंच आहेत, आणि गंमत म्हणजे ती दोन एन्झाइमं ३५४ अमिनो आम्लांपैकी फक्त चार जागी वेगळी आहेत. रक्तगटाचं जनुक साखर बनवत नाही. जनुक प्रथिन बनवतं आणि प्रथिन साखर जोडतं. मॉर्गन आणि वॉटकिन्स यांनी १९५९ मध्ये ही पायऱ्यापायऱ्यांची मांडणी केली, तेव्हा हातात ना ते प्रथिन होतं ना ते जनुक. जनुक हाती यायला १९९० उजाडलं. मिशिगनमध्ये जॉन लो यांच्या गटाने ते वेगळं केलं. त्याचं नाव FUT1, ठिकाण १९ वं गुणसूत्र. आणि मग मुंबईच्या रक्तातली चूक अक्षरागणिक वाचता आली. या रक्तगटाला ‘बॉम्बे’ म्हणतात, आणि त्याच्या भारतीय प्रकारात या जनुकाच्या ७२५ व्या जागी T ऐवजी G आहे. त्यामुळे ३६५ अमिनो आम्लांच्या प्रथिनात २४२ व्या जागी ल्युसिनऐवजी आर्जिनिन येतं. ल्युसिन पाण्यापासून दूर राहणारं, आर्जिनिन विद्युतभार घेऊन फिरणारं. घडीत नको त्या जागी ते आलं की एन्झाइम कामातून जातं. शेजारचं FUT2 हे जनुक लाळेत आणि आतड्याच्या अस्तरात हीच खुंटी बसवतं. या माणसांत ते अख्खंच गळालेलं आहे, म्हणून त्यांच्या लाळेतही H सापडत नाही.

मेद राहिला. काटेकोर बोलायचं तर मेदाला महारेणू म्हणणं चुकीचंच आहे, कारण तो एकेक कडी जोडून झालेली लांब साखळी नव्हे. पुस्तकं त्याला सोयीसाठी त्या पंगतीत बसवतात. पण लाल पेशीचं सगळं आवरण मेदाच्या दुहेरी थराचं असतं. रक्तगटाच्या साखळ्या काही त्यात रुतलेल्या प्रथिनांवर आणि काही थेट मेदाच्या रेणूंवर उभ्या असतात. आणि तयार लाल पेशीत डीएनए नसतोच. पेशी अस्थिमज्जेत कोवळी असताना जनुकाने जे सांगितलं तेवढ्यावर ती पुढचे सुमारे १२० दिवस काढते.

या माणसांना खुंटी नसल्याचा रोजच्या जगण्यात काही त्रास होत नाही. उलट ज्यांच्यात FUT2 चालत नाही, त्यांच्या आतड्याला धरायला नोरोव्हायरसच्या काही प्रकारांना जागा मिळत नाही, जुलाब-उलट्या टळतात. अडचण येते ती अपघातात, बाळंतपणात, शस्त्रक्रियेच्या टेबलावर. भाटिया यांनी साठे यांच्याबरोबर १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मुंबईत साधारण ७,६०० माणसांत एक असा आढळला. युरोपात हे प्रमाण दहा लाखांत एखादं मानतात. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर मळ्यांत मजुरीसाठी नेलेल्या भारतीयांच्या वंशजांत हाच रक्तगट आढळला आणि तपासलं तर चूकही तीच निघाली, ७२५ व्या जागी T चा G. परळच्या आवारातच १९५७ मध्ये रक्तगटांचं संदर्भ केंद्र सुरू झालं. तीच आजची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था.

रक्तपेढीच्या रोजच्या कामातही ‘लॅन्सेट’मधल्या त्या दोन पानांच्या निबंधाची खूण राहिली आहे. उलट तपासणी करताना A आणि B च्या पेशींबरोबर O पेशींची तिसरी नळी लावतात, ती एरवी बिनकामाची दिसते. त्या नळीत गोळे दिसले की तंत्रज्ञ थांबतो, अँटी-H मागवतो आणि दाता शोधायला घेतो. नोंदवहीतल्या अनोळखी नावांच्या आधी रुग्णाचे भाऊ-बहीण विचारले जातात, कारण आईबाप दोघांत हे जनुक एकेक दडलेलं असेल तर प्रत्येक सख्ख्या भावंडात तोच गट निघण्याची शक्यता चारात एक असते.